माती धुणाऱ्यांचे बूट

ओसाकात मी माती धुण्याचं काम करतो, असं सांगितलं की समोरचा हसतो आणि मला एखादा किस्सा सांगावाच लागतो. साइटवर मातीपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

सगळ्यात आधी हसली आई. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "माती धुतली तर उरतं काय रे?" मी समजावलं, मातीत रसायन मिसळलेलं पाणी सोडायचं, सळ्या रोवून करंट द्यायचा, विषारी धातू सळ्यांकडे सरकतात, मग ते पाणी उपसायचं. आईचा प्रश्न मी आमचे साइटप्रमुख हामादा-सान यांना सांगितला. ते गंभीरपणे म्हणाले, "माती उरली पाहिजे. आईंना सांगा, प्रयत्न चालू आहे."

*

हामादा-सानचा धर्म एकच, बूट. सेफ्टी बुटांशिवाय आत पाऊल नाही आणि ते धुतल्याशिवाय बाहेर नाही. एकदा हेड ऑफिसचे मोठे साहेब तसेच गाडीकडे निघाले. हामादा-सान ब्रश घेऊन आडवे आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "माफ करा, ही माती इथलीच आहे." साहेब बूट धुवायच्या टबात उभे राहिले.

*

प्लॉट किताओका-सानचा. वय ऐंशीच्या पुढे. तिथे त्यांचं नळांना क्रोम चढवायचं वर्कशॉप होतं, त्याचंच पाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं. आता ती जागा शेजारच्या बालवाडीला खेळायला द्यायची, एवढीच त्यांची इच्छा. पण माती तपासणीत पास झाली तरच.

रोज सकाळी ते कुंपणाबाहेरून विचारायचे, "आज कशी आहे?" करंटने माती जरा गरम होते हे कळल्यापासून, "ताप किती?" जाताना माझ्या हातावर एक लिमलेटची गोळी ठेवायचे. मला या म्हाताऱ्याचा फार लळा लागला.

*

शेजारच्या काकूंना काळजी, त्यांच्या मांजराला करंट लागेल. हामादा-साननी बोर्ड लावला, "मांजरांनी कृपया आत येऊ नये." दुसऱ्या दिवशी काकूंची तक्रार, बोर्ड मांजराच्या मानाने फार उंच आहे. आम्ही तो खाली लावला.

*

काम सुरू होण्याआधी इथल्या रिवाजाप्रमाणे पुजारी येऊन चारही कोपऱ्यांत मीठ टाकून जमीन शुद्ध करून गेले होते. त्याच दुपारी करंट सोडला, तर एका कोपऱ्यातला मीटर भलताच वर! मिठाचा प्रताप. "रिपोर्टमध्ये काय लिहू?" मी विचारलं.

हामादा-सान म्हणाले, "शुद्धीकरण दोनदा झालं, असं लिहा."

*

पहिल्या तपासणीत माती नापास झाली. त्यानंतर किताओका-सान कुंपणाशी येईनातच. आम्ही पुन्हा धुतली. या वेळी पास झाल्याचं सांगायला हामादा-सान स्वतः त्यांच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी किताओका-सानसाठी गेट पहिल्यांदा उघडलं. मी त्यांच्या मापाचे सेफ्टी बूट तयार ठेवले होते. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मातीच्या कडेशी थांबून त्यांनी पायातले बूट काढले, घरात शिरताना ठेवतात तसे जुळवून, तोंड बाहेर करून ठेवले आणि पांढऱ्या मोज्यांनिशी आत गेले.

आता यांना नियम कोण सांगणार, म्हणून मी हामादा-सानकडे पाहिलं. ते खाली वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडत होते.