पाच तोंडांचं मशीन

चौसाळ्याला हमरस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडात बंकटचं वेल्डिंगचं दुकान होतं. माणूस कामाला वाघ. लोखंडावर हातोडी वाजवून आवाजावरून माल ओळखायचा. पण चार लोकांत बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची. सहकारी संस्थांना असले सभासद भारी आवडतात.

त्या दुष्काळी साली टँकरच्या पाण्याच्या टाक्यांसाठी साठ लोखंडी स्टँड करायचं काम त्याला मिळालं. मुदत दसऱ्यापर्यंतची. अँगल कापायचे, भोकं पाडायची, बोल्ट आवळायचे. ड्रिल दाबून दाबून त्याचा उजवा खांदा आधीच कामातून गेलेला.

"हे वेळेत झालं तर पुढचं बी काम आपल्यालाच मिळंल," तो बायकोला म्हणाला.

सिंधुबाई आडपडदा ठेवणारी नव्हती. "आन् न्हाई झालं तर? मुकादम दोनदा येऊन गेला हाय ऊसतोडीचं इचारायला."

लग्नाला बारा वर्षं झाली, पण बंकटनं बायकोला उसाच्या फडात पाय ठेवू दिला नव्हता. त्या एका गोष्टीचा त्याला लई अभिमान होता.

तेवढ्यात त्यांच्या लोहकाम सहकारी संस्थेला मशीन मंजूर झालं. भोक पाडणारं, अँगल कापणारं, पट्टी तोडणारं, सगळं एकातच, फक्त प्रत्येक कामाला तोंड वेगळं! बंकट हरखून गेला. पिशवीत आपलाच अँगलचा तुकडा घालून शहरात गेला, धाकल्या-थोरल्या दोन्ही मशीनवर तो कापून बघितला आणि संचालकांच्या बैठकीत जन्मात पहिल्यांदा उठून बोलला.

"अण्णा, धाकलं घ्या. तीन तोंडाचं. आपल्या कामाला लई झालं ते."

अण्णा म्हणजे चेअरमन सुंदरराव. यांनी आयुष्यात कधी पाना हातात धरला नाही. टोपी मात्र कडक इस्त्रीची. त्यांनी चष्मा वर सारला.

"तोंडं किती म्हणलास?"

"तीन."

"आन् आमी संचालक किती?"

"पाच."

"मंग उरलेल्या दोघांनी काय टाळ कुटायचे?"

झालं! पाच तोंडांचं थोरलं मशीन घ्यायचा ठराव एकमतानं पास. चहा यायच्या आत वाटणीही उरकली. पट्टीचं तोंड खुद्द अण्णांकडं, भोकाचं बद्रीनाथकडं, अँगलचं कचरूकडं, राहिलेली दोन राहिलेल्या दोघांकडं. प्रत्येक तोंडाला झाकण, झाकणाला कुलूप, किल्ली ज्याची त्याच्या खिशात. धन्य तो सहकार!

उद्घाटनाला फीत कापण्याऐवजी लोखंडच कापायचं ठरलं. बंकटनं ट्रकच्या कमानपाट्याची जुनी पट्टी भट्टीत तावून, नरम करून आणली. अण्णांनी पायानं कळ दाबली. कच्चकन दोन तुकडे! टाळ्या, पेढे, फोटो. बंकटनं ते तुकडे पिशवीत टाकले. चांगला माल फेकवत नव्हता त्याच्यानं.

दुसऱ्या दिवशी अँगल घेऊन गेला, तर कचरू गाल फुगवून बसलेला. बद्रीनाथचं तोंड दाराकडं, आपलं मात्र भिंतीकडं, म्हणून! "आधी त्याला कुलूप उघडाय लाव, मंग मी."

बद्रीनाथ म्हणाला, "काय बे बंकट, माझं का म्हून आधी? त्यानं उघडावं."

अण्णांनी टोपी नीट केली. "वादाचा विषय हाय. पुढल्या बैठकीत घेऊ."

पुढल्या बैठकीला कचरू आला नाही. त्याच्या पुढल्या बैठकीला बद्रीनाथ आला नाही. बंकट दोघांच्या पाया पडला, मग मुकाट दुकानात येऊन जुनं ड्रिल दाबायला लागला. सिंधुबाई अँगल धरायची. दसऱ्यापर्यंत बावीस स्टँड झाले. उरलेलं काम पाटोद्याच्या कारागिराकडं गेलं.

दसऱ्याला संस्थेत मशीनची पूजा झाली. पाची कुलपांना झेंडूचे वेगवेगळे हार.

बंकटनं घरी भट्टी पेटवली. पिशवीतले ते दोन तुकडे लाल केले, ठोकून वाकवले, पाणी देऊन कडक केले, धार काढली. बायकोकडं बघायची त्याला लाज वाटत होती. तिनं एक कोयता उचलून अंगठ्यावर धार बघितली.

"लई चांगली धार आली, वो. कुठला माल हाय?"

"संस्थेच्या मशीनवर कापलेला हाय," बंकट म्हणाला.

पाच तोंडांच्या मशीननं त्या साली केलेलं काम एवढंच. तिसऱ्या दिवशी मुकादमाचा ट्रक आला, आणि आपापला कोयता घेऊन नवराबायको त्यात चढली.