सतरंजीखालची फरशी

"ही भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंजी कोणी अंथरली?" कृष्णकांत व्हरांड्यात थबकले.

"मीच जी," प्रेमलता म्हणाली. "पाहुणे येऊन राहिले नं."

सिव्हिल लाइन्समधला हा इंग्रजांच्या राणीच्या काळातला बंगला आधी तिची सासू झाडायची, आता ती. उंच कौलारू छत, छताखाली झरोके, आणि व्हरांडाभर लाल-निळ्या फुलांच्या सिमेंटच्या जुन्या फरश्या. भावांना बंगला पाडून फ्लॅट हवे होते, कृष्णकांतांना तो राखायचा होता. त्यासाठीच जुन्या इमारती दुरुस्त करणारी नूपुर आज पाहायला येणार होती.

पाहुणी येणार, तर फरशी लखलखली पाहिजे! दिवाळीला घरच्या मोरीचं जे करायची तेच प्रेमलतानं काल इथं केलं. अ‍ॅसिड ओतलं, खराट्यानं खसाखसा घासलं. फेस आला तशी ती खूश झाली, मळ निघून राहिला म्हणून. पाणी मारलं, तर मळाबरोबर फुलंही वाहून गेली होती.

नूपुर आली. झरोके पाहून हरखली. "आणि फरशी, काका? तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या त्या फरशीसाठीच तर आले मी."

"दाखवतो ना! आमच्या प्रेमलताबाईंनी पोटच्या पोरीसारखी जपलीय. चप्पल घालून आलो तर मलासुद्धा दटावतात!"

प्रेमलताची कानशिलं तापली. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

"नका जी बोलू तसं," म्हणत ती वाकली आणि सतरंजी गुंडाळत गेली. खालून राखाडी, खरबरीत जमीन उघडी पडली.

"हे... कशानं झालं, बाई?" कृष्णकांतांनी विचारलं.

"अ‍ॅसिड टाकलं जी. तुमची मान उंच राहावी म्हणून."

नूपुरनं बोट फिरवून पाहिलं. "गेलेला रंग येत नाही. त्या कोपऱ्यातल्या कपाटाखाली घासलं होतं?"

"नाही जी. एकटीनं हाललं नाही."

कृष्णकांत आणि नूपुरनं मिळून कपाट सरकवलं. खाली लाल-निळी फुलं जशीच्या तशी. "साचा बनवायला एवढं पुरे," नूपुर म्हणाली. "नव्या पाडता येतील. जुन्या त्या जुन्याच, पण बंगला राखण्याजोगा आहे, काका."

"प्रेमलताबाई, या, पाहा तरी!" कृष्णकांतांनी हाक मारली.

ती पायरीवरच उभी होती, सतरंजी छातीशी धरून.

"तुम्हीच पाहा जी," ती म्हणाली. "तेवढीच सासूबाईनं जपलेली उरली हाय."