नळावरची सातवी

मी रोह्याची. रोह्यात नदी गावाला खेटून वाहते आणि आमच्या घरचा नळ सोडला की बादलीतलं पाणी उसळून पायावर येतं. अशा घरात वाढलेल्या बाईने पेणकडच्या खारेपाटात, खाडीकाठच्या खारट पट्ट्यात जाऊन मुलांना ‘पाणी जपून वापरा’ शिकवायचं, यात काहीतरी गंमत आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली. मुलांना ती पहिल्याच दिवशी कळली असावी, पण बाईंना तोंडावर सांगणार कोण?

रोज सकाळी मी रोह्याहून गाडी पकडते. निडी, नागोठणे, कासू करत पेण येतं. पेणहून रिक्षा, आणि मग खाडीच्या बांधालगतचं आमच्या शाळेचं गाव. शाळा सातवीपर्यंत. विज्ञान माझ्याकडे, आणि माझ्याकडे मी स्वतः रंगवलेला जलचक्राचा तक्ता: समुद्र, सूर्य, वर जाणारे निळे बाण, ढग, खाली येणारे निळे बाण. या तक्त्याचा मला फार अभिमान होता. कोणी साहेब तपासणीला येणार असले की मी तो दारातून दिसेल असा टांगायची.

गाव असं की बघावं तिकडे पाणी. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, मध्ये भाताची खाचरं. त्यातलं पिण्याजोगं मात्र थेंबभर नाही, सगळं खारट. पिण्याचं पाणी गावाच्या एकुलत्या एका नळावर यायचं, तेही दिवसाआड आणि त्याच्या मर्जीने. हे मला ठाऊक होतं, पण सामान्यज्ञानाच्या पुस्तकातलं ठाऊक असतं तसं. मी आपली बाटली रोह्याहून भरून आणायची.

“दात घासताना नळ बंद ठेवावा,” मी सातवीला सांगितलं.

“बाई, तो बंदच असतो,” मागून आवाज आला आणि वर्ग खो खो हसला.

मी “शांत बसा” म्हटलं आणि पुढचा मुद्दा घेतला. पुढचा मुद्दा असा होता की शॉवरऐवजी बादलीने आंघोळ करावी.

त्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, आणि हुशारीपेक्षा तोंडाळ जास्त. ती एका दिवशी वेळेवर यायची आणि दुसऱ्या दिवशी उशिरा, नाहीतर यायचीच नाही. माझ्या नाकावर राग कायमच असतो, त्यात उशीर तर मला मुळीच खपत नाही. मी तिला दाराबाहेर उभी करायची. ती बाहेरून हात वर करून उत्तरं द्यायची, आणि ती बरोबर असायची, त्यामुळे मी आणखी चिडायची.

हिवाळा सरता सरता मी वर्गाला एक गृहपाठ दिला. एक माणूस निवडा, दिवसभर त्याच्या पाण्यावर नजर ठेवा, किती वापरलं, किती सांडलं ते लिहून आणा. दोन दिवसांनी वह्या आल्या. एकोणीस मुलांपैकी अकरा जणांनी मला निवडलं होतं.

“बाईंनी डबा तीन वेळा विसळला. पहिल्याच वेळी स्वच्छ झाला होता.” “बाईंनी हात धुतले, मग खडू घेतला, मग परत हात धुतले, मग परत खडू घेतला.” “बाईंनी जाताना बाटलीतलं अर्धं पाणी गेटापाशी ओतलं. तिथं काय लावलेलं नाय.” एकाने तर मी ओतलेलं पाणी जमिनीवर किती लांब गेलं ते पट्टीने मोजून आकृती काढली होती, नावं देऊन. आकृतीला मी गुण दिले. देताना माझे कान लाल झाले होते.

“माणूस म्हणजे घरातलं माणूस!” मी ओरडले.

“घरातले सांडतच नाय, बाई. मंग लिवायचा काय?”

मुख्याध्यापकांना वह्या दाखवल्या तर सर हसून हसून टेबलावर आडवे झाले. म्हणाले, “पुढच्या वेळी कावळ्यांचं निरीक्षण द्या, मॅडम. कावळे तुमच्याइतके मनाला लावून घेत नाहीत.”

त्या तोंडाळ मुलीची वही सगळ्यात खाली होती. तिने माझं नाव घेतलं नव्हतं. तिने लिहिलं होतं: “मी माझ्यावरच नजर ठेवली. आई पहाटे मिठागरावर गेली. मी नऊ वाजता हंडे रांगेत लावले. अकरा वाजले तरी पाणी आलं नाय. बारा वाजता आलं. दोन हंडे आणि एक कळशी भरली. सांडलं नाय. शाळेत गेले नाय, कारण बाई बाहेर उभं करतात. उभं तर नळावर पण राहता येतं.”

मी ती वही दोनदा वाचली. मला स्वतःची लाज वाटली. वर्षभर त्या पोरीला मी दाराबाहेर उभी केली होती, आणि का उशीर झाला हे एकदासुद्धा विचारलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई मिठागरावरून नुकतीच येऊन ओट्यावर पाय पसरून बसली होती, पावलांवर मिठाचे पांढरे ओघळ सुकलेले. बाप रोह्याजवळ धाटावला कंपनीत. शिफ्टमुळे तिकडेच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला यायचा. म्हणजे माझ्या गावाकडे तो आणि त्याच्या गावात मी, असा हिशेब होता.

“बाई, बरा झाला आल्यात,” ती म्हणाली. “मी येनारच होती सांगायला. होली झाली का हिला घरी ठेवतंय. उन्हाल्यात पानी कवा येल त्याचा भरोसा नाय, नि मी आगरावर. पाऊस परला का पाठवीन परत.”

पाऊस पडला की पाठवीन, हे वाक्य मी आधी दोनदा ऐकलं होतं. त्या दोन्ही मुली पावसानंतर परत आल्या नव्हत्या. आमची शाळा सातवीपर्यंत, आठवीला पलीकडच्या गावात जायचं, आणि चार महिने घरी बसलेल्या मुलीचं नाव तिकडे घालायला कोणी चप्पल घालत नाही. परीक्षा बुडाली की ही सुद्धा गेलीच. मी तिच्या आईला शिक्षणाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. ती ऐकत होती, पण ओट्यावरच्या रिकाम्या हंड्याकडे बघत.

“बाई, मंग वर्गच नलावर आना ना!” आतून पोरीचा आवाज आला. ही थट्टा होती, आईने डोळे पण वटारले. पण मी चिडलेली होते, आणि चिडले की मी हो म्हणून बसते.

“आणते,” मी म्हटलं.

सरांनी डोक्याला हात लावला. मग हजेरीपटाशेजारच्या नोंदवहीत त्यांनी ‘परिसर भेट’ असं लिहिलं. नंतर दिवसाआड तेच लिहीत गेले. एवढ्या परिसर भेटी आमच्या तालुक्यात कुणी केल्या नसतील.

तर पाण्याच्या दिवशी आमची सातवी नळावर भरू लागली. मुलं नळाच्या कट्ट्यावर, माझा तक्ता विजेच्या खांबाला दोरीने बांधलेला, आणि हंड्यांच्या रांगेमागे बायकांची रांग. बायकांना बसून कंटाळा आलेला असायचा, त्यामुळे विद्यार्थी फुकट वाढले. त्या मध्येच उत्तरं द्यायच्या, मुलांना चिमटे काढायच्या, माझ्या साडीची किंमत विचारायच्या.

पहिल्याच दिवशी मी छडीने बाण दाखवत बाष्पीभवन समजावलं. रांगेतली एक म्हातारी उठून तक्त्यापाशी आली आणि नाक लावून बघत राहिली.

“बाय, पानी वर गेला, गोडा होऊन खाली आला. नि मीठ? मीठ कुठं गेला?”

तक्त्यावर सगळ्याला बाण होता. मिठाला नव्हता.

“मीठ आपल्या आगरात ऱ्हायला गो, आये,” आमची तोंडाळ मुलगी हंड्यावर बसून म्हणाली. “ऊन पानी घेऊन जातं, मीठ नेत नाय. म्हनून पाऊस गोडा.”

“ह्या तर मना म्हाईत हाय,” म्हातारी म्हणाली. “बाईंना म्हाईत हाय का, ते बघत होती.”

रांग हसली, मुलं हसली, मग मीही हसले, दुसरं करणार काय? त्या मुलीला मी खडू दिला आणि तिने माझ्या सुंदर समुद्राच्या काठावर पांढरा ढिगारा काढला. तक्ता बिघडला आणि बरोबर झाला.

नळाला पाणी आलं की तास तिथेच मोडायचा. मुलं धावायची, आणि मी कट्ट्याच्या कडेला उभी राहून बघायची. हंडा नळाखाली, हंड्याखाली घमेलं, घमेल्यातलं पाणी परत कळशीत. भाजी धुतलेल्या पाण्याने भांडी आणि भांड्यांच्या पाण्याने अळू. मी पुस्तकातून शिकवत होते ते सगळं यांच्या हातात होतं. मी पाणी वाचवण्याचा पाठ त्या महिन्यात गुपचूप वगळला आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही.

होळी झाली. मुलगी घरी बसली नाही, कारण शाळाच तिच्यामागे येत होती. पण वार्षिक परीक्षा काही नळावर घेता येत नाही. वेळापत्रक लागलं तेव्हा मी बोटावर दिवस मोजले. गणिताचा पेपर पाण्याच्याच दिवशी आला होता. मुलीनेही मोजले असणार, कारण ती दोन दिवस गप्प होती, आणि ती गप्प असणं मला सहन होईना.

“तू पेपरला बस,” मी सांगितलं. “पाणी मी भरते.”

वर्गावर सर बसले. जाताना त्यांनी विचारलं, “मॅडम, हंडा भरता येतो ना?”

“मी विज्ञानाची शिक्षिका आहे,” मी म्हटलं. त्याचा हंड्याशी काही संबंध नव्हता, हे दोघांनाही कळलं.

साडेअकराला नळ आला. भरण्यापर्यंत ठीक होतं, उचलणं कठीण होतं. रांगेतल्या दोघींनी मिळून हंडा माझ्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवला. “बाई, मान सरल! खाली बघू नका! गो बाई, पेपर त्या पोरीचा का तुमचा?” मागून सूचना येत होत्या आणि पुढून पाणी माझ्या गळ्यातून पोटावर येत होतं. तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला घराशी आले तर तिची आई दारात. पाण्याचं काय होणार या काळजीने ती मिठागरावरून धावत आली होती, आणि समोर मी, नखशिखांत भिजलेली.

तिने हंडा उतरवून घेतला. आत वाकून बघितलं. हंडा पाऊणसुद्धा भरलेला नव्हता. मग तिने दुसऱ्यात बघितलं. तो अर्धा होता.

“इतका सांडला, बाई?”

“सवय नाही हो मला.”

“तुमच्या घरी कोन भरतं?”

“घरातच नळ आहे.”

ती हसली नाही. माझ्या ओल्या पदराकडे, मग माझ्या हातांकडे बघत राहिली.

“आमची ही तुमच्यावानी शिकली,” ती म्हणाली, “तं तिला पन असाच भरता येनार नाय?”

वर्षभर पाणी वाचवा शिकवलेली बाई मी. मला वेगळं काहीतरी बोलता आलं असतं. पण खोटं बोलावंसं वाटेना.

“नाही येणार बहुतेक.”

“सांडल?”

“सांडेल.”

तिने अर्धा हंडा भिंतीशी नीट लावला, वर झाकण ठेवलं आणि हात पुसले.

“सांडू दे मंग,” ती म्हणाली. “आठवीला नाव घालायला कवा जायचा?”