हात बसला

कोट शिवणाऱ्या त्या दुकानात तिला सगळे काजूताई म्हणत. काजूशी तिचा संबंध एवढाच, की ती कोटांना हाताने काजं करायची, आणि इस्त्रीवाल्या काकांना कुणालाही सरळ नावाने हाक मारली तर जेवण पचत नसे. एकवीस वर्षं ती खिडकीजवळच्या त्याच स्टुलावर बसत आली होती. मशीनवरचं काज अर्ध्या मिनिटात होतं आणि दिसतंही तसंच. काजूताईच्या काजाला वीस मिनिटं लागत. आधी दोऱ्यावरून मेण ओढायचं, मग कापडाला चीर द्यायची, आणि कडेकडेने एकेक गाठ अशी बसवायची, की ती शेजारणीला खेटून बसेल पण तिच्या मांडीवर चढणार नाही. असं ती स्वतःच सांगायची.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. जन्मभर गाठी मारून पोट भरलेल्या बाईला शेवटी गाठच निघावी, हा विनोद तिने स्वतःच दुकानात केला होता. काका हसले नाहीत. मग ऑपरेशन झालं, सलाइनमधली औषधं झाली, किरणांचे शेक झाले. त्या दिवसांत तिच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. धाकटी बहीण दोन महिने येऊन राहिली. शेजारीपाजारी डबे आणत आणि रिकामे डबे न्यायच्या निमित्ताने पुन्हा बसून जात. मग एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता तुम्ही बऱ्या झालात," आणि सगळी मंडळी आपापल्या घरी गेली. यात कुणाचं काही चुकलं नाही. बऱ्या झालेल्या माणसाकडे कोण किती दिवस येणार?

मागे राहिली ती एक गोळी. आजाराला खतपाणी घालणारं अंगातलं हार्मोन अडवणारी, रोज एक, पाच वर्षं. दिसायला एवढीशी, पण तिसऱ्या महिन्यापासून तिने इंगा दाखवायला सुरुवात केली. सकाळी उठावं तर मूठ वळेना. नळ सुटेना, टूथपेस्टचं झाकण फिरेना. अंगठा वाकला की वाकलेलाच राही, मग दुसऱ्या हाताने धरून सरळ करावा लागे आणि तो कट् करून उघडे. खुर्चीतून उठताना गुडघे असे कुरकुरत, की जणू त्यांना विचारल्याशिवाय उठली. दुकान साडेनवाला उघडे. तोवर बोटं कामाला यावीत म्हणून ती पाचलाच उठून कोमट पाण्याच्या तसराळ्यात हात बुडवून बसे. समोर भिंत, भिंतीवर घड्याळ. बोलायला कुणी नाही, म्हणून कधीकधी ती बोटांशीच बोले. करंगळीला म्हणे, "तू तरी शहाण्यासारखी वाग."

बहिणीला तिने हे एकदा फोनवर सांगून पाहिलं. बहीण कळवळूनच म्हणाली, "अगं, जीव वाचला ना? मग बोटांचं काय घेऊन बसलीस!" काजूताईला एकदम शरम वाटली. आपण कृतघ्न आहोत असं वाटलं. त्यानंतर कुणीही विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं असे, "बरी आहे."

दुकानात तर तिने अवाक्षर काढलं नाही. काज बिघडलं की ती जेवणाच्या सुट्टीत उसवायची आणि पुन्हा घालायची. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, नेमके तेव्हाच एका नव्या काजाच्या मागे लागले होते. एका टोकाला गोल डोळा असलेलं, भारी कोटांना करतात ते. "काजूताई, तुझा हात बसला की सांग," असं ते दोन महिने रोज म्हणत होते. तो डोळा गोल करताना सुई चिमटीत फिरवावी लागते, आणि तिची चिमूट तर जुळायलाच तयार नव्हती.

शेवटी एका दुपारी अंगठा सुईवरच अडकला. काजूताईने हिय्या केला. मास्तर पाठमोरे उभे राहून कापडावर खडूने रेघा मारत होते.

"मास्तर," ती म्हणाली, "माझा हात बसला हो."

थंडीत गळा बसतो, पावसात भिंत बसते, तसा तिचा हात बसला होता. मास्तरांनी ऐकला तो दुसराच. ते गर्रकन वळले.

"बसला? शाब्बास! मी म्हणतच होतो की नाही? काका, ऐकलंत का, हिचा हात बसला!"

काकांनी इस्त्री उभी करून टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि एका वाद्यवृंदाच्या अठरा कोटांचं काम घेऊन टाकलं, प्रत्येक कोटाला गोल डोळ्याची पाच काजं. काजूताईने तोंड उघडलं, आणि काय झालं कोण जाणे, ती हसली. तिच्यामुळे कुणाला इतका आनंद झालेला तिने फार दिवसांत पाहिला नव्हता. तो मोडायचं तिच्या जिवावर आलं.

गोळी बंद करायची असं तिने ठरवलं वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी ती घ्यायची राहिली, तिसऱ्या दिवशी राहू दिली. हे कोट होईपर्यंतच, अशी तिने स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या आठवड्यात अंगठा अडकायचा थांबला. चौथ्यात सकाळी उठल्याबरोबर मूठ वळली, आणि ती अंथरुणावर बसून कितीतरी वेळ नुसती मूठ वळत-उघडत राहिली. काजं अशी देखणी उतरू लागली, की मास्तर प्रत्येक कोट उजेडात धरून गिऱ्हाइकांना दाखवत. रोज अंघोळीला गेली, की त्याच हलक्या झालेल्या बोटांनी ती काखेत, छातीत चाचपून बघे, आणि हाताला काही लागलं नाही तरी दिवसभर धास्ती जात नसे. हे सांगायचं कुणाला? बहिणीला सांगावं तर ती रडणार. मास्तरांना सांगावं तर कोट थांबणार. अशी भित्री चोरी तिने जन्मात केली नव्हती.

सहामाही तपासणीला ती एकटीच गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी नियमित चालू आहे ना?"

"हो," ती म्हणाली.

तपासून झालं. पडद्याआड नर्सबाई तिला कपडे घालायला मदत करायला आल्या, तोवर काजूताईने ब्लाउजची बटणं लावूनही टाकली होती. नर्सबाई तिच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.

"मागच्या खेपेला ही बटणं मी लावली होती," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होतात, आज बोटं रुसली आहेत. गोळी कधी बंद केलीत?"

"सात आठवडे झाले," काजूताई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. पकडली गेली म्हणून नाही. इतक्या दिवसांत कुणीतरी तिच्या बोटांकडे नीट पाहिलं होतं, आणि पाहिलं तेही चोरी पकडायला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "दुखतं हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पुष्कळ जणींना दुखतं. मी दुसरी गोळी देते. कदाचित कमी दुखेल, कदाचित तेवढंच. रोज चालायचं, बोटांचे व्यायाम करायचे. आणि नाहीच सोसलं तर मला येऊन भांडा, पण चोरून बंद करू नका."

नर्सबाईंनी चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. "पंधरा दिवसांनी मला फोन करा. दुखलं तरी करा, नाही दुखलं तरी करा."

दवाखान्यातून ती तडक दुकानात गेली.

"मास्तर, त्या दिवशी मी म्हणाले ना, हात बसला, ते तसं नव्हतं."

"म्हणजे कसं?"

"आवाज बसतो ना, तसा. गोळीने. या कोटांसाठी मी ती गोळी बंद ठेवली होती. आता पुन्हा सुरू करणार आहे."

मास्तरांच्या हातातला खडू हातातच राहिला. शेवटचे तीन कोट दांडीवर लटकत होते. त्यांनी ते स्वतः उतरवले आणि घडी घालून मशीनवाल्याकडच्या गठ्ठ्यात ठेवले. "जमेल तेवढंच कर, बाई," ते म्हणाले. हे त्यांनी तिच्या भल्यासाठीच केलं, आणि तरी तिच्या आत काहीतरी तुटलं. त्या दिवसापासून सगळे तिच्याशी फार सांभाळून वागू लागले. कुणी तिच्यासाठी दार उघडून धरी, कुणी चहाचा पेला तिच्या दोन्ही हातांत नीट देई. काकांनी तिला काजूताई म्हणायचं सोडलं. आता ते नुसतं ताई म्हणत, तेही हळू आवाजात. तिला वाटे, यापेक्षा चेष्टा परवडली.

नवी गोळी तिने एका सोमवारी सकाळी घेतली. दुसऱ्या आठवड्यात तर्जनी अवघडायला लागली. आधीच्याइतकी नाही, पण ओळखू येण्याइतकी. पंधराव्या दिवशी ती दहा वाजायची वाट बघत फोनसमोर बसली. काय काय सांगायचं ते तिने मनात दोनदा घोळवलं होतं. नळाचं, अंगठ्याचं, पहाटेच्या पाण्याचं, काकांनी सोडलेल्या नावाचं सुद्धा.

फोन कुणा मुलीने उचलला. "नर्सबाई आज रजेवर आहेत. काही निरोप आहे का?"

काजूताई म्हणाली, "त्यांना सांगा, दुखतंय. पण घेतेय."

"एवढंच?"

"एवढंच."

मुलीने ते लिहून घेतलं. लिहिताना ती हळू आवाजात पुन्हा म्हणत होती, "दुखतंय, पण घेतेय," आणि तिचं लिहून होईपर्यंत काजूताईने फोन कानाशी धरून ठेवला.