खंड्याच्या पोटाला फवारणी

मी गोचिडीला घाबरतो, कुत्र्याला त्याहून जास्त घाबरतो आणि माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे अक्काला, सगळ्यात जास्त घाबरतो. गेल्या उन्हाळ्यात ही तिन्ही संकटं आमच्या नाशिकच्या घरात एकाच दिवशी जमली.

सटाण्याची अक्का लेकीच्या बाळंतपणाला जाताना तिचा कुत्रा खंड्या आमच्याकडे सोडून गेली होती. "पोटच्या पोरासारखा हाय तो. केसाला धक्का लागला तर बघ, बाळ्या!"

केसाला धक्का नाही लागला, केसांत गोचिडी झाल्या! त्याही सापडल्या अक्का परत यायच्या दिवशी सकाळी. खंड्याच्या कानामागे वाटाण्याएवढी फुगलेली एक बघून मी किंचाळलो. मला बघून खंड्या किंचाळला.

"अहो, कुणाला तरी विचारा," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"विचारायचंय काय? दिंडोरीच्या द्राक्षबागेत वाढलोय मी!" (वाढलो दहावीपर्यंतच, मग बँकेत चिकटलो.) "झाडपाल्याचा अर्क मारतो. एकदम नैसर्गिक!"

कडुनिंब आणि निर्गुडीचा पाला सुनंदाच्या कुकरमध्ये उकळला, गाळला, त्यात करंजाचं तेल आणि साबणाचं पाणी घातलं. असा कडू वास सुटला की शेजारच्या काकूंनी "घरात सगळे बरे आहेत ना?" म्हणून विचारलं. आता प्रमाण! कुत्र्याला किती ते मला ठाऊक नव्हतं, एकराला किती ते ठाऊक होतं. मी खंड्याला अर्धा एकर धरलं.

भावाच्या बागेतून आणलेला जुना पंप माळ्यावरून काढला. रेनकोट, गॉगल, तोंडाला पंचा. बागेत फवारा पानाच्या खालच्या बाजूने मारतात, कारण कीड तिथे दडते. म्हणून मी अंगणात खंड्याच्याच गोणपाटावर उताणा झोपलो, नळी वर धरली आणि सुनंदाला पंपाचा दांडा मारायला लावलं.

"अहो, नको! तो थरथरतोय!"

"मी पण थरथरतोय! मार दांडा!"

पोटाला फवारा लागताच खंड्या माझ्या छातीवर पाय देऊन उडाला, तो थेट फाटकापलीकडे! क्षणात दिसेनासा झाला.

रस्त्यावर गाड्या सुसाट, आणि बिचारं गावाकडचं जनावर! रेनकोट, गॉगलसकट मी गल्लीगल्लीत "खंड्याऽऽ" ओरडत पळत सुटलो. लोक दारं लावून घेत होते. गाडीखाली आला असेल तर? खरं सांगतो, मला रडू फुटलं. तेवढ्यात सुनंदाचा फोन. "अहो, अक्का आल्या. रिक्षातून उतरताहेत."

घरी पोचेपर्यंत अक्काला काय सांगायचं ते ठरेना. अक्का दारातच उभी होती.

"मना खंड्या कोठे शे?" (म्हणजे, माझा खंड्या कुठंय? अक्का चिडली की अहिराणीत शिरते.)

"अक्का, मी... तो..."

तेवढ्यात तिच्या मागून खंड्याने डोकं काढलं! हा पठ्ठ्या कोपऱ्यावरच्या रसवंतीत बाकाखाली लपला होता. रिक्षातून जाणाऱ्या अक्काचा आवाज ऐकून त्याने थेट तिच्या मांडीवर उडी मारली होती; म्हणजे अक्का मला मुद्दाम विचारत होती. माझा जीव भांड्यात पडला.

अक्काने कुत्र्याचं अंग केस बाजूला करून तपासलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मघापासून मान खाजवत होतो.

"बस खाली," म्हणाली. माझी कॉलर ओढून तिने आत पाहिलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, गोचिडी लय झाल्यात... कुत्र्याला थोड्याच हो, भावाला जास्त... वजन? नव्वद किलो असंल... चावतो का?" अक्काने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाय चावत. घरात कुणी ऐकत नाय, म्हणून नुसता भुंकतो."