पहिल्या नंबरचा दगड

"ब्रेक धरा, बाकी माझ्यावर सोडा."

गाडी सांगडीवर चढली की ती सांगड चालवणारे चाचा बैलाच्या पाठीवर मारावी तशी बॉनेटवर एक थाप मारायचे आणि हे वाक्य म्हणायचे. मग ती गाडी आंब्याचा टेम्पो असो, लग्नाची ॲम्बॅसिडर असो की मोठ्या साहेबाची जीप असो. ड्रायव्हर बिचारा घामाने भिजलेला असायचा. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या ठोकल्या की झाली सांगड, तिला ना कठडा ना आधार, आणि खाली खाडीचं हिरवंगार पाणी. पण थाप पडली की ड्रायव्हरचा चेहरा सैल व्हायचा. मला तर वाटायचं, गाडीचाही होत असेल.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीहून पावस मागे टाकून दक्षिणेकडे निघालं की एक खाडी आडवी येते. आज तुम्ही तिच्यावरून पुलाने जाता आणि खाडी आली कधी, गेली कधी, तुम्हाला कळतही नाही. तेव्हा गाडी पलीकडे न्यायची तर सांगड, नाहीतर हमरस्त्याने असा वळसा की निम्मा दिवस त्यातच मोडायचा. मी एका आंबा व्यापाऱ्याकडे देखरेखीच्या कामाला होतो. सकाळी रिकामा टेम्पो पलीकडे न्यायचा, बागांमधून पेट्या भरायच्या आणि परत यायचं. आंबा थांबत नाही आणि थांबणं माझ्याही स्वभावात नाही. त्यामुळे चाचांचं आणि माझं पहिल्याच दिवशी वाजलं.

मे महिना होता. चाकरमान्यांच्या गाड्या, वऱ्हाडं, आमच्यासारखे आंबेवाले, सगळे एकाच धक्क्यावर तापत उभे. एका खेपेला एकच गाडी जायची, तीही भरतीचं पाणी असेल तोवर. मी तावातावाने खाली उतरलो आणि विचारलं, "बुकिंग कुठे करायचं इथे?"

चाचांनी जांभ्या दगडांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "त्यातला एक उचला, रांगेत लावा. झालं बुकिंग."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण खरंच धक्क्याच्या कडेने दगडांची रांग होती. एक दगड म्हणजे एक गाडी. दगड लावला की माणूस मोकळा, चहा प्यायला जा नाहीतर माडाखाली आडवा हो. लग्नघरातली शहाणी माणसं तर आदल्या दिवशीच सायकलवरून कुणाला तरी पाठवून दगड लावून ठेवायची. नंबर आला की चाचा तोच दगड उचलून सांगडीवर घ्यायचे आणि त्या गाडीच्या मागच्या चाकाखाली घट्ट बसवायचे. गाडी पलीकडे उतरली की दगड परत ढिगात. पावती नाही, शिक्का नाही, आणि तरीही कुणी कुणाचा दगड पुढेमागे केल्याचं मी कधी पाहिलं नाही.

"आजारी माणसाला नि अडलेल्या बाईला नंबर नाय," चाचा सांगायचे. "बाकी सगळ्यांना हाय."

"अहो, माझा आंबा पिकून चाललाय!"

"आंबा आजारी हाय काय?"

सगळा धक्का हसला. मी गुपचूप दगड लावला. पुढे मोसमभर रोज भेट होऊ लागली आणि केव्हा तरी आमचं भांडण मुरून त्याची मैत्री झाली. लोणच्यासारखंच झालं ते, कुठल्या दिवशी मुरलं ते सांगता येत नाही.

एकदा गोव्याकडे निघालेलं एक गोरं जोडपं आलं. त्यांच्या मोटारीला मागे चाकांवरचं अख्खं घर जोडलेलं होतं. खिडक्यांना पडदे, आत पलंग, शेगडी, भांडी घासायची मोरीसुद्धा. धक्क्यावरची झाडून सगळी माणसं डोकावून आली. गोऱ्याने बाकीच्यांचं पाहून एक दगड लावला. चाचांनी दुसरा उचलून त्याच्या हातात ठेवला.

"गाडीचा एक, घराचा एक."

गोरा हातवारे करून सांगू लागला की दोन्ही मिळून एकच आहे. दुभाष्याचं काम अर्थात माझ्या गळ्यात पडलं. चाचा शांतपणे म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. पण त्याला सांगा, सांगडीला ते पटायचं नाय." शेवटी घर सोडवलं. मोटार आधी गेली, आणि पुढच्या खेपेला आम्ही दहा-बारा जणांनी ढकलून घर चढवलं. त्या घराला ब्रेक धरायला कुणी नव्हतं, म्हणून चाचांनी चारी बाजूंनी दगड लावले. बाई मात्र घरातून उतरायला तयार नव्हती. भर खाडीत तिने पडदा सारला आणि खिडकीतून चाचांच्या हातात चहाचा कप दिला.

चाचा दिवसभर तेच सांगत होते. "घरात बसून खाडी वलांडली बाईनं!" मग संध्याकाळी दोर गुंडाळताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांचं बरं हाय. जातील तिथं घर संगती. आमचं घर हितं नि माणूस तिकडं."

तिकडं म्हणजे आखातात, आणि माणूस म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, इक्बाल.

आता त्या दगडांच्या रांगेबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. रांगेतला पहिला दगड जांभा नव्हता. काळा, गुळगुळीत, नारळाएवढा दगड होता तो. इक्बालने लहानपणी नाटे गावाच्या किनाऱ्यावरून हौसेने उचलून आणलेला. कितीही गर्दी असली तरी तो दगड तिथेच असायचा, आणि बाकीच्यांचे नंबर त्याच्यामागून सुरू व्हायचे. नवखा माणूस विचारायचाच, की हा कुणाचा आणि ह्याची गाडी कुठे आहे.

"आमच्या इक्बालची," चाचा सांगायचे. "येणार हाय. बुकिंग करून ठेवलंय."

इक्बाल जाताना सांगून गेला होता, "बाबा, आता मी येईन तो गाडी घेऊनच. पायी नाय चढणार तुमच्या सांगडीवर." मुंबईला उतरायचं, गाडी करायची, वर सामानाच्या पेट्या बांधायच्या आणि बापाच्या हाताने खाडी ओलांडून दारात उतरायचं. तिकडून येणारी सगळी मुलं अशीच यायची. चाचांनी कितीतरी जणांना असं पार केलं होतं. प्रत्येकाच्या बॉनेटवर थाप मारताना ते गाडीच्या आत जरा जास्त वेळ बघायचे.

पण इक्बालची पहिली रजा थोरल्या बहिणीच्या लग्नापायी गेली. रजा न घेता काम केलं की रजेचे पैसे मिळायचे, ते त्याने पाठवून दिले. दुसरी रजा धाकटीसाठी गेली. पावसाळ्यात सांगड बंद व्हायची, तेव्हा चाचा काळा दगड काखेत मारून घरी न्यायचे, आणि नारळी पौर्णिमेनंतर खाडी शांत झाली की पुन्हा आणून पहिल्या नंबरवर ठेवायचे.

मी चिडवायचो, "चाचा, असला गुळगुळीत दगड चाकाखाली टिकायचा नाही हो. सटकेल."

"मी हाय ना धरायला," ते म्हणायचे.

मग पुलाचे खांब पाण्यातून वर येऊ लागले. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला सांगू? चाचांनाही लोक विचारायचे, आता पोटापाण्याचं काय करणार? त्यांना त्याची फिकीर नव्हती. त्यांची चिंता एकच होती. एका दुपारी त्या खांबांकडे बघत ते म्हणाले, "पूल व्हायच्या आत यायला पायजे हो त्यानं. नायतर वरनं निघून जाईल गाडी, नि मी खाली बघत ऱ्हाईन." त्या वर्षी निरोप आला होता की ह्या खेपेला नक्की, मे महिन्यात येतोच.

त्या दिवशी माझा तिसरा नंबर होता. माझ्यापुढे एका वऱ्हाडाची गाडी आणि सर्वांत पुढे काळा दगड. सांगड पलीकडून एक टेम्पो घेऊन निघाली होती. एवढ्यात आमच्यामागे मुंबईची एक बंद गाडी येऊन थांबली. आतून चाचांचा थोरला जावई उतरला. तो मुंबईलाच असायचा, मी त्याला लग्नात पाहिलेलं. तो थेट ढिगापाशी गेला, एक जांभा दगड उचलला आणि रांगेच्या अगदी शेवटी ठेवला.

मी धावलोच. "अरे, आला काय इक्बाल? मग शेवटी कशाला लावतोस दगड? तुमचा नंबर पहिला!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मागं हाय," तो म्हणाला. "पेटीत."

तिकडे चालू बांधकामावरून पडून गेला होता इक्बाल. जावयाला कळलं, त्याने विमानतळावर जाऊन त्याला ताब्यात घेतलं आणि वाटभर ठरवत आला की सासऱ्याला कसं सांगायचं. धक्क्यावर उतरला आणि त्याला काहीच सुचेना, म्हणून चारचौघांसारखा त्याने दगड लावला.

आणि नेमकं तेव्हाच खाडीच्या मध्यावरून चाचांनी जावयाला ओळखलं. मुंबईची गाडी पाहिली. ते सुकाणू सोडून ताडकन उभे राहिले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "आला! आमचा आला!" मग पलीकडे घराच्या दिशेने वळून पुन्हा तेवढ्याच जोरात ओरडले, "आला गे, आला!" टेम्पोवाल्याने आनंदाने हॉर्न वाजवला. आमच्या काठावरून कुणीच उत्तर दिलं नाही. आयुष्यात मला कुठल्या क्षणी पळून जावंसं वाटलं असेल तर तो हा.

सांगड टेकायच्या आत चाचा गुडघाभर पाण्यात उतरले. रांगेच्या टोकाचा नवा दगड त्यांच्या नजरेतून सुटला नाही. हसत हसत त्यांनी तो उचलून ढिगात फेकला. "जावईबापू, मुंबईला जाऊन रीत इसरलात काय? पयला नंबर नाय काय आपला? कुठं हाय तो? झोपलाय?"

जावयाने मागचं दार उघडलं.

चाचांनी आत हात घालून पेटीवर ठेवला, अगदी अलगद. वऱ्हाडातल्या बायांनी तोंडाला पदर लावले होते. नवऱ्यामुलाचे वडील आपला दगड हातात घेऊन पुढे आले आणि म्हणाले, "चाचा, आमचं राहू दे. आधी तुमची गाडी जाऊ दे."

चाचांनी मान हलवली. "तुमचं कशाला ऱ्हाऊ द्यायचं? त्याचा नंबर तुमच्या आधीच हाय. पयल्यापासनं हाय." आणि त्यांनी वाकून काळा दगड उचलला.

गाडी चढली. मी आणि आणखी चौघे बरोबर गेलो. चाचांनी त्या दिवशी पहिल्यांदाच सुकाणू सांगडीवरच्या खलाशाच्या हातात दिलं. काळा दगड मागच्या चाकाखाली ठेवला. तो सटकला. पुन्हा ठेवला, पुन्हा सटकला. खलाशाने जांभा दगड आणून दिला, तर म्हणाले, "नको. हाच." ते चाकाशेजारी फळ्यांवर मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांनी तो दगड चाकाला दाबून धरला. ड्रायव्हर नवखा होता, भेदरून मागे बघत होता. चाचा त्याला म्हणाले, "ब्रेक धरा." पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही.

मध्यावर आल्यावर समोरचा काठ स्पष्ट दिसू लागला. चाचांची हाक तिकडे पोचली होती. चाची पदर सावरत धक्क्यावर येऊन उभ्या होत्या, आणि शेजारपाजारच्या बाया त्यांच्याभोवती. त्या हात हलवत होत्या.

चाचांनी वर पाहिलं नाही. चाकाकडे बघतच मला म्हणाले, "मीच ओरडलो ना, आला म्हणून. आता तिला काय सांगू?"

मी त्यांच्या शेजारी बसलो, त्यांच्या हातांवर माझे हात ठेवले आणि आम्ही दोघांनी मिळून तो दगड धरला. मी ढसाढसा रडत होतो, आणि ते रडत नव्हते, ह्याचं मला जास्त वाईट वाटत होतं.

काही दिवसांनी चाचा पुन्हा धक्क्यावर आले. मोसम चालू होता, माणसं खोळंबली होती. रांगेत पहिल्या नंबरची जागा सगळ्यांनी न सांगता मोकळी सोडली होती. चाचांनी ती पाहिली. "सरकवा पुढं," एवढंच म्हणाले. कुणी सरकवेना. तेव्हा त्यांनी स्वतः वाकून एकेक दगड पुढे सरकवला. त्या दिवसापासून मी माझा दगड लावताना त्यांच्याकडे बघायचं टाळू लागलो. काळा दगड कुठे गेला, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

पूल झाला. सांगडीच्या होड्या सोडवून विकल्या गेल्या. पुलावरून जाताना खाली धक्क्यावर चाचा बसलेले दिसायचे. मी टेम्पो थांबवायला लावून हाक मारायचो, ते हात वर करायचे. ते स्वतः मात्र त्या पुलावर कधी आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात धक्का रिकामा दिसला. खाली उतरून चौकशी केली, तेव्हा कळलं की पावसाळ्यातच गेले.

मला गाडी चालवता येत नाही. आयुष्यभर ड्रायव्हरच्या शेजारी बसूनच फिरलो. पण अजूनही पुलाच्या मध्यावर आलो की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. ड्रायव्हर हसतात, म्हणतात, साहेब, तुमच्या पायाखाली ब्रेक नाही. मला माहीत आहे. मी पाय तसाच दाबून धरतो, आणि बाकीचं कुणावर सोडावं ते मला कळत नाही.