काळा ठेवलेला तांब्या

साताऱ्याहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं तासगावला आमच्या दारात गाडी थांबवून निरोप दिला, "बाई, तुमचे ड्रॉइंग मास्तर काका गेले." मी भाकरी थापत होते. हातातली तव्यावर टाकली, ती भाजून काढली, मग चूल विझवली... रडू काही आलं नाही. आता भांडायला समोर कुणी उरलं नाही, याचाच राग आला. महिना होत आला तरी तो जात नाही. भेटायला येणारा जो तो म्हणतो, मास्तरांच्या हातात जादू होती. होती ना! पण तो हात माझ्यावर कसा पडायचा, ते यांना कुठलं ठाऊक?

आई लहानपणीच गेलेली. वडील पलटणीत होते, ते लढाईत गेले. मग याच आबाकाकांनी मला साताऱ्याला आणलं आणि उंबऱ्यातच सांगितलं, "फुकट बसून खायचं न्हाई. चित्रं काढाय शीक. सांगलीची ड्रॉइंगची परीक्षा पास झालीस, तर मुलींच्या शाळंत चिकटवून देतो. न्हाईतर तासगावचा एक बिजवर बघून ठेवलाय." मी तेव्हा पंधराची. त्या बिजवराचं नाव निघालं, की मी पेन्सिल घेऊन बसायचे.

दुसऱ्या दिवशी चित्र काढायला स्टुलावर पितळी तांब्या मांडायचा होता. काका खूश होतील म्हणून मी तो चिंच आणि राख लावून लखलखीत घासला. काकांनी बघितला मात्र, सरळ परसात नेला, ओला चिखल चोळला, चुलीच्या धुरावर धरला आणि काळा करून पुन्हा स्टुलावर ठेवला. "आरशात तोंड बघायचंय व्हय? चकाकी म्हंजे लबाडी. उजेड कुठनं येतो, अंधार कुठं जातो, ते बघ. दिसतंय तेवढंच काढ." तेव्हापासून त्या तांब्याला कुणी चिंच लावायची नाही, असा घरात कायदाच झाला. काकीचीसुद्धा टाप नव्हती.

पेन्सिलीच्या बारीक रेघा, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, अशी सावली हळूहळू गडद करायची. बोटानं पुसून सावली पसरवली, तर त्याच बोटावर लाकडी पट्टी. लढाईपायी खोडरबर मिळत नव्हतं, म्हणून शिळ्या पावाच्या गोळीनं खोडायचं. एकदा भुकेपोटी मी ती गोळीच खाल्ली. "रबर खाल्लंस न्हवं? मग पोट भरलं आसंल," म्हणाले आणि माझं ताट उचलायला लावलं. चित्र पुरं झालं की टराटरा फाडून चुलीत घालायला काकीकडे द्यायचे, "घे, च्या तरी हुईल." काकी हसायची. हसण्यावाचून ती तरी काय करणार म्हणा...

पण खोटं कशाला बोलू? शिकले ते त्यांच्याकडूनच. वर्षभरात माझा तांब्या कागदावर असा जड बसायला लागला, की गळ्याला धरून उचलावा. ते चित्र घेऊन मी काकांपुढे उभी राहिले. नुसतं 'बरं हाय' म्हणाले असते, तरी मी सगळं विसरले असते. "बूड हवेत हाय," म्हणाले आणि फाडलं.

सांगलीला परीक्षेच्या हॉलमध्ये समोर तांब्याच आला. मी मनात म्हटलं, सुटले गं बाई! पण परीक्षा म्हणून शिपायानं तो सोन्यासारखा घासलेला. त्याच्या पोटात समोरची अख्खी खिडकी उमटलेली, गजांसकट. मला ती दिसत होती. कानात मात्र एकच... चकाकी म्हंजे लबाडी. मी खिडकीवर रेघा ओढत गेले, पार बुजवून टाकली. घरच्या काळ्या तांब्याचं हुबेहूब चित्र काढलं आणि नापास झाले.

"खिडकी दिसत हुती न्हवं?" घरी येऊन मी सगळं सांगितलं, तेव्हा काकांनी विचारलं.

"व्हय."

"मग काढली का न्हाईस? दिसतंय ते काढ, म्हणून बोंबलत हुतो की!"

"आवं काका, तुमीच म्हणाला हुता, चकाकी—"

"तुला अक्कल न्हाई, त्याला मी काय करू?"

त्याच वैशाखात मला हळद लागली. नवरा वाईट नाही. पण मी त्याला मागितला नव्हता.

तेराव्याला साताऱ्याला गेले. एक शेजारीण म्हणाली, "तुझी चित्रं मास्तरांनी जपून ठेवली असतील गं." मी वेडी, ट्रंक उघडून बसले. काकांची स्वतःची चित्रं होती, शाळेतल्या पोरांचीही होती. माझं एकसुद्धा नव्हतं. काकी म्हणाली, "हुडकू नगंस. तुजी समदी चुलीत गेली. सुमीचा कागद झ्याक पेटतो, म्हनायचे." मग आतून तो काळा तांब्या आणून माझ्या ओटीत घातला. "त्यांची आठवन म्हनून ने."

आणला. रोज सकाळी चिंच आणि राख घेऊन बसते. स्वयंपाकघरातली खिडकी गजांसकट त्याच्या पोटात उतरेपर्यंत घासते. उतरली तरी घासते. काल नवरा दारातून म्हणाला, "आगं, पुरं की आता. झिजंल त्यो."

झिजू दे.